पोटात अडलेली भाकरी

मधुमेह माझ्या नवऱ्याला, पंचवीस वर्षांचा जुना. पथ्याचा कारभार मात्र माझ्याकडे. कारखान्यात शेकडो माणसांवर हुकूम चालवलेले हे निवृत्त इंजिनिअर राजाजीनगरच्या आमच्या घरात माझ्या धाकात असायचे.

दोन घास खाऊन हे "पोट भरलं" म्हणायला लागले, तेव्हा मला ती नाटकं वाटली. नक्की बाहेर डोसे हाणत असणार! कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्या अण्णांना मी विचारून आले. "इल्ला अक्का, सार बरोदिल्ला," ते कानडीत म्हणाले. साहेब येतच नाहीत म्हणे. मला ते खोटं वाटलं.

साखरेला चोथा चांगला, हे मी सगळ्या गल्लीला ऐकवलेलं. सोलापूरहून आणवलेल्या ज्वारीची जाड भाकरी, मेथी, वर कच्चा कांदा. ह्यांनी ताट सरकवलं की मी म्हणे, "इन्सुलिन टोचलंय, आता संपवायलाच हवं." हे निमूट संपवत.

त्या दुपारीही आधी सुई, मग भाकरी. अर्ध्या तासात ह्यांचा सदरा घामानं भिजला. हात थरथरू लागले, मला ओळखेनात. यंत्रावर साखर घसरत होती. मी साखरेचं पाणी पाजलं, पुन्हा पाजलं. आकडा वर येईना. आत्ताच जेवलेल्या माणसाची साखर संपतेच कशी? तेवढ्यात ह्यांना उलटी झाली. तिच्यात आदल्या दिवशीची मेथी होती, जशीच्या तशी.

हॉस्पिटलात शिरेतून साखर चढवली तेव्हा ह्यांनी डोळे उघडले. पुढे तपासणीसाठी किरणोत्सारी औषध घातलेली इडली खायला दिली आणि ती पोटातून कधी सरकते ते चार तास पडद्यावर पाहिलं. ती जवळजवळ हललीच नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मेंदूपासून जठरापर्यंत एक नस येते, जठराच्या भिंतीतही नसांचं जाळं असतं. अन्न कधी घुसळायचं, किती पुढे सोडायचं, हे त्या ठरवतात. ह्यांच्या त्या नसा साखरेनं खाल्ल्या होत्या. इन्सुलिन वेळेवर कामाला लागायचं, अन्न जठरातच पडून राहायचं. साखरेचं पाणीही तिथंच तुंबलं होतं. आणि चोथा सगळ्यात उशिरा निघतो.

"त्या नसा परत बऱ्या होतील?" मी विचारलं. बाईंनी पथ्याचा कागद पुढे केला.

आता मऊ भात, दिवसातून पाच वेळा, वाटीभर. इन्सुलिन जेवणानंतर, साखर बघून. लवकर टोचलं तर ती घसरणार, उशीर केला तर चढून उरलेल्या नसाही जाणार. कुठला घास पुढे गेला, कुठला आतच बसलाय, बाहेरून काही कळत नाही. माझा धाक कुठल्या कुठे गेला. मी सतत घाबरलेली असते.

काल भात खाऊन झाल्यावर मी सुई भरून बसले होते.

"टोचू?" मी विचारलं.

"तू म्हणशील तेव्हा," हे म्हणाले, आणि सदरा वर करून पोट पुढे केलं.