सर्व्हरसाठी शिवलेला अंगरखा

टेपबाईंना टेपबाई का म्हणतात, हे विचारायची कोणावर वेळ येत नाही. सकाळी दात घासतानासुद्धा मोजायची टेप त्यांच्या गळ्यात असते. दारात आलेल्या माणसाचं नाव त्या विसरतील, पण त्याच्या खांद्याची रुंदी विसरणार नाहीत. वय एकोणसाठ, शिवणकामाला झाली चाळीस वर्षं. या वयाच्या बाईला यंत्रातलं काय कळतं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने आधी इंटरलॉक मशीनमध्ये चार दोरे ओवून दाखवावेत आणि मग तोंड उघडावं.

तर या टेपबाईंनी एका मंगळवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवून जाहीर केलं, "मी घरात सर्व्हर बसवणार."

समोर त्यांचे यजमान पेपर वाचत होते. पस्तीस वर्षं टपाल वाटून ते निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठे बसवणार? खुर्च्या दोनच आहेत."

"तुम्हाला थट्टा सुचतेय. इकडे रविवारी माझं सगळं पुसलं जाणार आहे."

ते मात्र खरं होतं. बाईंचे चारशे बारा कागदी पॅटर्न, म्हणजे झबल्यापासून कोटापर्यंत प्रत्येक कपड्याची कापणी, लेकीने सहा वर्षांपूर्वी स्कॅन करून एका फुकटच्या वेबसाइटवर ठेवले होते. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, छापावं, कापावं. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात दहा सेंटीमीटरचा एक चौकोन. छापल्यावर आधी तो चौकोन मोजायचा, दहा भरला तरच कापडाला कातर लावायची. आता त्या वेबसाइटवाल्यांनी दुकान गुंडाळायचं ठरवलं होतं आणि तसं दोन ओळींत कळवून ते मोकळे झाले होते.

एरवी बाईंनी चार शिव्या हासडून काम पुढे चालू केलं असतं. पण सोमवारी दहा वाजता डावरीचा वर्ग सुरू व्हायचा होता. डावरी म्हणजे बाईंची जुनी शिष्या. डाव्या हाताने कातर धरते म्हणून तिला तीन ठिकाणांहून परत पाठवलं होतं. बाईंनी तिच्यासाठी टेबलच उलटं लावलं आणि तिला शिकवलं. आता ती लग्न होऊन लांब गेली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा वर्ग काढत होती. बारा बायका नाव नोंदवून बसलेल्या, आणि शिकवणार काय, तर बाईंचे पॅटर्न. सोमवारी पान उघडलं नाही तर डावरी बारा जणींसमोर कापड पसरून नुसती उभी राहणार होती.

लेकीने फोनवर सोपा रस्ता सुचवला. ती परगावी कॉम्प्युटरचीच नोकरी करते. "आई, मी दुसऱ्या कंपनीकडे जागा घेते. दहा मिनिटांचं काम आहे."

"म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या कपाटात? एकदा हाकललं तेवढं पुरे झालं. माझी वस्तू माझ्या घरात राहील. तू फक्त सांग, हात मी चालवते."

या हट्टामागे जुनं दुखणं होतं. विसाव्या वर्षी बाई ज्या मास्तरांकडे शिकायला गेल्या, ते कापायची वेळ आली की बरोबर असे वळायचे की त्यांच्या पाठीमागे सगळं टेबल झाकलं जायचं. काज कर, बटणं लाव, झाडू मार. कापणी काही दाखवायचे नाहीत. बाई झाडताना टेबलाखालचे तुकडे पदरात घालून घरी न्यायच्या आणि जमिनीवर जुळवून बघायच्या, की एवढं उरलं तर मास्तरांनी कापलं काय असेल? मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, बाक उमगायला दीड वर्ष गेलं. त्या दीड वर्षाचा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. आपल्याला येतं ते झाकायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच पक्कं केलं होतं.

बुधवारी एका कार्यालयातून मोडीत निघालेला कॉम्प्युटर घरी आला. टपालातल्या थैलीएवढा काळा खोका, त्यावर कोणाच्या तरी टेबलाचा नंबर चिकटवलेला. सोबत दोन नव्या हार्ड डिस्क. "दोन कशाला?" यजमानांनी विचारलं. लेक फोनवरून म्हणाली, "एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जाईल. एक बिघडली तरी दुसरी आहे." बाईंना ते लगेच पटलं. त्या स्वतः कात्रीची जोडी ठेवतात.

मग शिवणखोलीत जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. शिलाई मशीनच्या बाजूला खोका, त्याच्यापुढे जुना मॉनिटर, फोन स्पीकरवर टाकून दोऱ्याच्या रिळांना टेकवलेला, आणि मधोमध बाई, हातात स्क्रूड्रायव्हर, दातांत टाचणी. टाचणीचं तिथे काही काम नव्हतं, पण दातांत टाचणी नसली तर बाईंचं डोकं चालत नाही. झाकण उघडलं, डिस्क आत सरकवल्या, वायरी खोचल्या. लेक एकेक कमांड सांगायची आणि बाई ती आधी मापाच्या वहीत लिहायच्या. छाती, कंबर, उंची या रकान्यांखाली अगम्य अक्षरं भरत गेली. मग दोन बोटांनी टंकायचं.

"आई, मध्ये एक जागा सोडायची होती."

"कुठे?"

"उजव्या तिरक्या रेघेच्या आधी."

"मग आधी सांगावं ना! पुन्हा उसवते."

त्या पुन्हा उसवत, पुन्हा लिहीत. गुरुवारी दुपारी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावायला लागल्या आणि शेवटी नुसती एक ठिपकी लुकलुकत थांबली. लेक म्हणाली, "झालं! तुझ्या हुकमाची वाट बघतोय तो." बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी खोक्यावर थाप मारली. नंतर घाबरून विचारलं, "मारलेलं चालतं ना गं?"

चारशे बारा पॅटर्न जुन्या वेबसाइटवरून उतरून घरात येऊन पडले. राउटरपासून शिवणखोलीपर्यंत वायर न्यायची होती, ती बाईंनी कापडाच्या नळीत घालून, नळीला नीट टीप मारून, भिंतीच्या कडेने नेली. जन्मात कोणी इंटरनेटच्या वायरीला इतकं सुरेख पायपिंग केलं नसेल.

अडलं ते पत्त्यापाशी. लेक समजावत होती, "आपल्या घराचा नेटवरचा पत्ता मधूनमधून बदलतो. म्हणून लोकांना एकच कायमचं नाव द्यायचं, आणि पत्ता बदलला की आपलं मशीन तो त्या नावाच्या ठिकाणी कळवत राहील." बाईंच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पण दाराशी उभे असलेले यजमान एकदम आत आले.

"अगं, हा तर पत्ताबदलाचा अर्ज! माणूस घर बदलतो, पोस्टात कळवून ठेवतो, टपाल नव्या पत्त्यावर जातं. पस्तीस वर्षं मी दुसरं काय केलं?"

"बाबा, अगदी बरोबर!"

झालं. त्या क्षणापासून यजमान थट्टा विसरले आणि हात धुऊन सर्व्हरच्या मागे लागले. राउटरला सांगायचं होतं की बाहेरून कोणी पॅटर्न मागायला आलं तर त्याला सरळ शिवणखोलीत पाठव, बाकी कोणाला उंबरा ओलांडू देऊ नकोस. ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. शुक्रवारी दुपारी घराबाहेरून पान उघडतंय का, हे बघायची वेळ आली. यजमान मोबाइलवरचं घरचं वायफाय बंद करून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेले. बाई खिडकीत. खाली ते डोळ्यांजवळ फोन धरून उभे.

"उघडलं!" पासष्ट वर्षांचा माणूस भर रस्त्यात ओरडला. "अगं, झबलं दिसतंय! झबलं!"

येणारी-जाणारी माणसं थबकून बघत राहिली. बाईंनी खिडकीतून टेप गरागरा फिरवली. लग्नातसुद्धा या दोघांना इतकं उचंबळून आलं नसेल, असं त्यांची लेक म्हणते, आणि तिचं ऐकायला दोघांनाही लाज वाटत नाही.

शनिवारी डावरीला नवं नाव कळवलं. तिने लगेच उघडून बघितलं आणि म्हणाली, "बाई, आता वर्गातच सगळ्यांना आपापल्या फोनवर उघडायला लावते. निवडू देत त्यांनाच, मी तिथल्या तिथे छापून देते." रविवारी जुनी वेबसाइट बंद झाली. बाईंना त्याचं सोयरसुतकही नव्हतं. त्या दिवसभर शिवत होत्या.

शिवत होत्या सर्व्हरसाठी. लेक फोन ठेवता ठेवता म्हणाली होती, "आई, तुझ्या खोलीत धागे आणि कापूस उडत असतो. तो मशीनच्या आत जाऊ देऊ नकोस." एवढं पुरे होतं. बाईंनी खोक्याची मापं घेतली, दोनदा. निळं जाड कापड काढलं, आतून अस्तर, दोन्हींच्या मध्ये कापसाचा पातळ थर, चौकटीची टीप. कोपऱ्यांना पायपिंग, वायरींपुरती काज केलेली भोकं, मागच्या बाजूला बटणपट्टी. एक दोरा लोंबत नव्हता. सोमवारी सकाळी आठ वाजता त्यांनी सर्व्हरला अंगरखा चढवला, बटणं लावली, दोन पावलं मागे जाऊन बघितलं आणि स्वतःवरच खूश झाल्या.

साडेनऊला सहज म्हणून फोनवर पान उघडून बघितलं. उघडेना. पुन्हा. उघडेना. तेवढ्यात डावरीचा फोन. "बाई, पान येत नाहीये. बायका यायला लागल्यात."

बाईंनी हातातलं काम टाकलं. लेकीला फोन लावला, ती दहापर्यंत मीटिंगमध्ये. यजमान म्हणाले, "पत्ता तर बदलला नसेल?" आणि राउटरकडे धावले. तिकडे सगळे दिवे व्यवस्थित लागलेले. बाई सर्व्हरपाशी गेल्या. आतल्या पंख्याची घरघर ऐकू येत नव्हती. त्यांनी अंगरख्यावर हात ठेवला, तर अस्तरातून, कापसातून, जाड कापडातून झळ हाताला लागली.

चाळीस वर्षांत बाईंनी थंडीचे कितीतरी कोट शिवले. ऊब आत कशी कोंडून ठेवायची, हे त्यांच्याइतकं कोणाला कळतं? खोका तापतो म्हणून तर आत पंखा आहे, आणि आपण त्याला गळ्यापर्यंत कोट घालून बटणं लावली! त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, मी त्याला घुसमटवलं!"

बटणं काढायला वेळ कुठला. कपड्याची एक टीपसुद्धा कधी ओढून न उसवणाऱ्या बाईंनी अंगरखा दोन हातांनी फाडून ओढला. पावणेदहा. यजमान पेपरची घडी घेऊन वारा घालायला लागले. पेटत्या शेगडीला घालतात तसा नव्हे हो, हळू, असं बाई ओरडल्या. डावरीला त्या म्हणाल्या, "दहा मिनिटं दे. आधी त्यांना टेप कशी धरायची ते दाखव. टेप शिकायला दहा मिनिटं लागतातच." दहाला पाच कमी असताना खोका हाताला कोमट लागला. बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या पडद्यावर ओळी धावल्या, थांबल्या, पुन्हा धावल्या. शेवटी ठिपकी लुकलुकली.

दहा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर एक ओळ उमटली. लेकीने शिकवलं होतं, कोणी बाहेरून पान उघडलं की इथे एक ओळ येते. मग दुसरी आली. तिसरी. बाई बोट ठेवून मोजत होत्या आणि यजमान मागून मोजत होते, दोघांचे आकडे जुळेनात म्हणून दोघं पुन्हा पहिल्यापासून. ओळी बाराच्या पुढे गेल्या, वीसच्या पुढे गेल्या, आणि मोजणं सोडून ते नुसते बघत राहिले. जीव भांड्यात पडला होता. फाटका अंगरखा बाईंच्या मांडीवर होता.

त्यांनी कातर घेतली, अंगरख्याची मागची अख्खी बाजू कापून टाकली, पुढे पंख्यापुरता चौकोन काढून तिथे मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावायला घेतला. अस्तर आणि कापूस उसवून बाजूला. यजमान म्हणाले, "बॅकलेस शिवलास की त्याला."

"राहू दे उघडी. पाठ दाखवायला हरकत नाही त्याने, मास्तरांसारखं टेबल झाकलं नाही म्हणजे झालं."

साडेअकराला डावरीचा फोन आला. मागे बारा बायकांचा कलकलाट, कागदांची खसखस. "बाई, सगळ्या पानांवरचा चौकोन मोजला. दहा म्हणजे दहा, केसभर इकडेतिकडे नाही!" मग जरा आवाज खाली करून ती म्हणाली, "बाई, इथली एक जण विचारतेय. तिच्या जावेलाही शिवायचंय, पण तिला वर्गाला यायला जमत नाही. हे पॅटर्न तिला दिले तर चालतील का? का तुमची परवानगी काढावी लागेल?"

टेबलाखालचे तुकडे पदरात घेऊन घरी पळणारी वीस वर्षांची पोरगी टेपबाईंच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि डोळे भरून आले. बाजूला सर्व्हर उघड्या पाठीने घरघरत होता. यजमानांनी फोन त्यांच्या कानाशी नीट धरला.

"तिला म्हणावं, कोणालाही दे," बाई शेवटी म्हणाल्या. "परवानगी कसली मागतेस? तुम्हाला सगळ्यांना दिसावं म्हणूनच तर ठेवलंय. फक्त जावेला सांग, आधी चौकोन मोजायचा."