गार इंजिन

गाडी घ्यायचं मनात आलं तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते, आणि माझं डोकं फिरलंय यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. एरवी आमच्या घरात भाजीत मीठ किती यावरही एकमत होत नाही.

गाडी मंचरच्या एका कापडवाल्या शेठजींकडे होती. त्यांच्या पुतण्याने हौसेने घेतलेली आणि परदेशी जाताना काकांच्या गोदामात ठेवून गेलेली. तांबडी, दोनच माणसांची, टप मागे सरकवता येणारी, जमिनीला इतकी टेकलेली की आत बसायला आधी वाकायचं आणि मग स्वतःला सोडून द्यायचं. मी दिवाळीच्या साड्या घ्यायला गेले होते. साड्या दुकानातच विसरून आले. त्यानंतर आठ दिवस मला दुसरं काही सुचेना.

आमचे हे म्हणाले, "आपल्या महाळुंगे पडवळात गतिरोधक किती आहेत ठाऊक आहे ना? पहिल्यावर चढेल ती तिथंच राहील. आणि टोमॅटोचं एक क्रेट तरी मावतं का तिच्यात?"

मावत नव्हतं. मला ते फार आवडलं होतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. वीस वर्षं मी ट्रॅक्टर चालवलाय, बारा वर्षं पिकअप. नारायणगावच्या बाजारात माल घेऊन जाताना मागे लादलेल्या क्रेटांचं वजन माझ्या पाठीला कायम जाणवतं. घाटातला उतार असो की सपाट रस्ता, पाठ कधी मोकळी होत नाही.

माझ्या बाजूने उभे राहिले ते एकटे सासरे. मामांचं वय अठ्ठ्याहत्तर. बेल्ह्याच्या बाजारातून त्यांनी आयुष्यभर बैल आणले आणि एकदाही फसले नाहीत, असं ते स्वतः सांगतात. त्यांचे नियम दोनच. जनावर पहाटे, जागचं हलायच्या आत बघायचं, कारण चार पावलं चाललं की अंगात ऊब येते आणि लंगडेपण लपतं. आणि बघताना मालकाला बोलू द्यायचं नाही, कारण मालक बोलायला लागला की आपलं लक्ष त्याच्या तोंडाकडे जातं, जनावराच्या पायाकडे राहत नाही.

तेव्हा एका सकाळी सहाला, आगाऊ न कळवता, आम्ही दोघं शेठजींच्या दारात. शेठजी गळ्यात टॉवेल घेऊन बाहेर आले. मामांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "गार हाये," ते समाधानाने म्हणाले. मग काठी टेकत गाडीला फेरी मारली, चारही चाकांपाशी वाकले.

"बाबा, एक गोष्ट सांगायची होती..." शेठजी म्हणाले.

"तुमी काय बोलू नका शेठ. आमी बघतोय न्हवं?"

"पण इंजिनाचं जरा..."

"न्हाई म्हनलं ना."

मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि असा आवाज केला की समोरच्या झाडावरचे कावळे उठले. मामांनी पाच मिनिटं डोळे मिटून ऐकलं. "लई गुणी हाये," ते म्हणाले. "घेऊन टाक." शेठजींनी हात जोडले आणि म्हणाले, "ताई, दिवसभर फिरवा, मग काय ते सांगा."

मामांना शेजारी बसवून मी नाशिकच्या दिशेने निघाले. टप मागे. तासाभरात नारायणगाव ओलांडून आळेफाट्यापर्यंत गेलो, तिथून ओळखीच्यांच्या घरी, जेवणखाण आणि गप्पांत दोन-तीन तास, मग पुन्हा रस्त्यावर. मामांनी टोपी काढून मांडीखाली दाबून ठेवली होती. मी हसत होते. कशाला हसतेय ते कळत नव्हतं, पण गाल दुखेपर्यंत हसत होते. इतकी वर्षं याच रस्त्याने गेले, आणि हा रस्ता वळणावर इतका सुंदर झुकतो हे मला माहीतच नव्हतं.

परतताना भर दुपारी कळंबला चहाला थांबलो. चहा घेऊन येते तर गाडी सुरू होईना. किल्ली फिरवली की इंजिन गुरगुरायचं आणि गप्प. दहा वेळा, पंधरा वेळा. माणसं जमली. एकाने ढकलून पाहिलं, दुसऱ्याने पेट्रोल आहे का विचारलं, तिसरा म्हणाला, "वहिनी, आपला ट्रॅक्टरच बरा व्हता राव." मामांचा चेहरा उतरला. त्यांच्या पारखीवर मी इथवर आले होते.

शेठजींना फोन लावला. "ताई, तेच तर सांगत होतो," ते कळवळून म्हणाले. "गार असली की पहिल्या झटक्यात उठते. तापल्यावर बंद केली की अर्धा तास उठत नाही. दोन मेकॅनिक झाले, कुणाला सापडत नाही. तुम्ही नको म्हणालात तरी माझा राग नाही."

"मीच त्याचं त्वांड बंद केलं," मामा म्हणाले आणि टपरीच्या बाकड्यावर बसले. बैलाला लागू पडतं ते इथं नेमकं उलटं होतं. हिची खोड ऊब आल्यावरच दिसत होती.

बातमी माझ्या आधी गावात पोचली. हे मोटारसायकलवर आले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुशीत होते. "झालं समाधान? चल, बस मागे. शेठ नेतील त्यांची गाडी."

मी उठले नाही. एक तर ऊन होतं, आणि मला राग आला होता. पण खरं सांगायचं तर त्या बाकड्यावर बसून मला बरं वाटत होतं. गाडी निवेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं, आणि काही न करता भर दुपारी बसल्याला मला किती वर्षं झाली होती, ते आठवेना.

"अगं पण उपयोग काय हिचा?" ह्यांनी विचारलं. आता आवाजात चेष्टा नव्हती. त्यांना खरंच कळत नव्हतं.

माझ्याकडे उत्तरं तयार होती. पुण्याला लेकीकडे पटकन जाता येईल. मामांना दवाखान्यात न्यायला बरी. लग्नकार्याला भाड्याने देता येईल. आठ दिवस मी ती पाठ करत होते, आणि तिन्ही खोटी होती. घरात आजवर मी आणलेल्या प्रत्येक वस्तूला असं एखादं उत्तर जोडून आणलंय. शिलाई मशीनलासुद्धा.

"काही नाही," मी म्हटलं. "मला हवीये." टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला.

मामांनी मांडीवरची टोपी डोक्यावर घातली आणि माझ्यावरच डाफरले, "मंग ते आदी सांगायचं व्हतं की पोरी! मी उगंच चाकं बघत बसलो."

गाडी अजून तापलेलीच होती. मी पुन्हा एकदा किल्ली फिरवून पाहिली, ती गुरगुरली आणि गप्प झाली. मग तशीच आत बसून, सगळ्यांसमोर, मी शेठजींना फोन लावला आणि म्हटलं, "घेतली."