फिलोमिनाबाईंचा चष्मा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मरोळ आलं की मी गप्प होतो, एवढंच तिला ठाऊक आहे. तुला सांगतो.

आमची मराठी शाळा अंधेरी पूर्वेला, मरोळ गावठाणाच्या कडेला. फिलोमिनाबाई तिथे क्लार्क, राहायच्याही गावठाणातच. माझ्या दाखल्यावरचं नाव त्यांच्याच गोल अक्षरातलं. नाताळची सुट्टी संपली की त्यांच्या खणातून फुगे निघायचे — गोल, तळलेले, किंचित गोड — आणि ऑफिसात काही कामासाठी आलेल्या प्रत्येक पोराच्या हातावर एक ठेवला जायचा. तो वास मला अजून आठवतो.

पुढे मी प्रोग्रामर झालो आणि बारा-तेरा वर्षांपूर्वी शाळेसाठी निकालाचं सॉफ्टवेअर लिहून दिलं. हौसेनं. स्क्रीनवर मोठा तक्ता, ओळीत मुलं, रकान्यांत गुण. बाई पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकलेल्या. त्या तक्त्यावर त्यांचा कोण जीव! जेवणाच्या सुट्टीत शिक्षकांना बोलावून दाखवायच्या — "बघा, आमच्या पोराने केलंय."

एकदा त्यांचा फोन आला. "अरे, गुण बदलायला गेलं ना, की जुना आकडा खालून दिसतो रे. दोन्ही एकमेकांवर चढतात."

मी हसलो. माझ्याकडे तर सगळं झकास चालत होतं — चालणारच ना? मी रिकाम्या रकान्यांत आकडे टाकून तपासलं होतं. भरलेला रकाना दुरुस्त करून कधी बघितलाच नव्हता. "चष्मा पुसा बाई," म्हणालो.

मग वार्षिक निकाल लागला. नववीतल्या एका मुलीला गणितात त्र्याऐंशी होते. आधी चुकून अडतीस पडले होते; बाई त्याचे त्र्याऐंशी करायला गेल्या, आकड्यांची गिचमिड झाली, पहिला तीन तसाच राहिला आणि तेहतीस छापून आले. नापास. ती मुलगी ऑफिसच्या दारात उभी राहून रडली. निकाल त्याच दिवशी दुरुस्त झाला, पण हेडसरांनी मला बोलावून घेतलं.

मी बाईंच्या खुर्चीत बसलो. एक रकाना उघडला, नवा आकडा टाकला — आणि जुना खालून दिसला. लख्ख. लिहायच्या चौकटीला मी पार्श्वभूमीच दिली नव्हती. ती काचेसारखी आरपार होती. चूक माझी होती, आणि ती मला तिथेच, त्या क्षणी कळली.

हेडसर आत आले. "काय रे, सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड?"

किती वेळ लागतो खरं बोलायला? बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या.

"नाही सर," मी म्हणालो, "बाईंना आता बारीक दिसत नाही. वय झालं ना."

मला वाटलं, बाई भांडतील — त्यांनीच तर मला आधी सांगितलं होतं ना? पण त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या डोळ्यांवर नाही. माझ्यावर.

रविवारी सकाळी मी ते दुरुस्त केलं. चौकट पांढऱ्या रंगाने भरायची — एका ओळीचं काम. सोमवारी नवी आवृत्ती बसवली आणि "जरा वेग वाढवलाय" असं सांगितलं. त्याच आठवड्यात बाईंनी नवा चष्मा केला. मला फोन करून म्हणाल्या, "आता कसं स्पष्ट दिसतं रे! डोळेच गेले होते माझे." पण तोवर सरांनी निकालाचं काम दुसऱ्या क्लार्ककडे दिलं होतं. निवृत्त होईपर्यंत बाई दाखल्यांवर शिक्के मारत होत्या. तक्त्यापाशी पुन्हा कधी बसल्या नाहीत.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. फोन हातात होता. मी "छान झालं बाई" म्हणालो.

मागच्या वर्षी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. बाई आल्या होत्या, काठी टेकत. भाचीला माझ्यापुढे उभं करून म्हणाल्या, "आमच्या शाळेचं सगळं कॉम्प्युटरवर यानेच आणलं. मलाच जमलं नाही गं. एका पोरीला नापास केलं मी." मग माझ्याकडे वळल्या. "तुला त्रास झाला असेल ना रे तेव्हा, माझ्यामुळे?"

मी म्हणालो, "नाही हो बाई. होतं असं."