मधलं घर

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दोंडाईच्याहून जळगावला निघालेल्या पॅसेंजरमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. त्याच्या भुवया जळालेल्या होत्या. शेजाऱ्याने विडीसाठी काडी काढली, तसा त्याने झटकन त्याचा हात धरला आणि मग ओशाळून सोडला.

मी विचारलं, तेव्हा तो बोलता झाला. त्याने बोर मारली, पाणी लागलं नाही. आत बघावं म्हणून काडी ओढली, तर जाळ तोंडावर आला. खालून कसला तरी गॅस येत होता; ना वास, ना धूर. त्याने सिमेंटने बोर बुजवली. महिन्याभरात पलीकडच्या विहिरीत बुडबुडे यायला लागले.

त्याच विहिरीतला एक जाळीदार दगड तो जळगावच्या भूजल ऑफिसात दाखवायला नेत होता. टॉवेलातून काढून त्याने तो माझ्या तळहातावर टेकवला आणि दुसऱ्या बाजूने फुंकर मारली. त्याचा ऊन श्वास दगडातून माझ्या हाताला लागला.

"खाले सर्वा असाच दगड शे, भाऊ," तो हळूच म्हणाला. "बोर अल्याड, विहीर पल्याड, मधमा मन्हं घर शे. बायको चुल्हा पेटाडस, तवय मी पोरेसले लिसन बाहेर उभा ऱ्हास."

परवा पेपरात वाचलं, अशाच खडकात आता हायड्रोजन भरून ठेवणार आहेत. वर घट्ट खडकाचं झाकण असलं, की भीती नाही म्हणे. असेलही. वाचता वाचता स्वयंपाकघरातून बायकोने लायटर दाबल्याचा आवाज आला. मान वर केली, तर मी अंगणात उभा होतो.