कानावरचं अनंताचं फूल

लानुओला चुलीवर कोको ढवळत होती. शेजारी तिची नऊ वर्षांची मुलगी रूता उजवा कान पुढे करून बसलेली. डावीकडून तिला ऐकू येत नसे. डाव्या कानाच्या जागी जन्मापासून नुसती मुडपलेली पाळीच होती. सासू फापुसा रोजच्यासारखं स्वतःच्या उजव्या कानावर अनंताचं फूल खोवत होती.

"पोरीचे केस घट्ट बांध गं," ती म्हणाली. "पोटुशी असताना तू मोकळे सोडून ओढ्यावर गेलीस, म्हणून भुतानं तिचा कान मुरगळला. पुरे झाली तेवढी हौस."

नऊ वर्षं लानुओला हे ऐकत होती. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेला, तेव्हा तारोच्या कंदांची शेती तिनंच ओढली. उलटून शब्द कधी नाही.

बिनभिंतींच्या घराच्या खांबावर टकटक झाली. गावातली नर्स मकेरिता होती, हातात रूताच्या तपासणीचा इस्पितळाचा कागद.

"रूताचं एक मूत्रपिंड लहान आहे, काम नीट करत नाही," ती बसता बसता म्हणाली. "कान आणि मूत्रपिंड, दोन्हींतला दोष कधीकधी एकत्र येतो. डॉक्टरांना तोच संशय आहे. भूतबीत काही नाही, रक्तातून येतं. घरात आणखी कुणाच्या कानात वेगळं काही आहे? कानापुढे सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं, तरी सांगा. त्या माणसाचीही मूत्रपिंडं लगेच तपासायला हवीत."

"आमच्यात?" फापुसा हसली. "आमचे कान देवानं सवडीनं घडवलेत. हिच्या माहेरी जाऊन विचार."

लानुओलाचा डाव भांड्यातच थांबला. दोन वर्षांपूर्वी म्हातारी तापानं फणफणली होती, तेव्हा तिचे केस लानुओलानंच धुतले होते. त्या दिवशी कानावर फूल नव्हतं. कानापुढे बारीकसं छिद्र दिसलं होतं, आणि तिनं मुकाट्यानं ताजं फूल आणून त्यावर खोवलं होतं. आता गेला महिनाभर सासूचे पाय सुजत होते. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. "नीरफणस बाधला," म्हणायची.

परक्या माणसासमोर सासूला खोटं पाडायचं? गावभर झालं असतं. आणि गप्प बसावं तर?

"मग 'कुणी नाही' असं लिहू?" मकेरितानं पेन उघडलं.

रूतानं चांगला कान आजीकडे वळवला.

लानुओलानं चूल सोडली. थोरांशी उभ्यानं बोलणं बरं नव्हे, म्हणून ती सासूपुढे मांडी घालून बसली.

"आई," ती म्हणाली, "तेवढं कानावरचं फूल काढा."