सुपारीभोवतीच्या कड्या

गोविंदभाऊ गेल्याची बातमी चिमूरच्या बसच्या कंडक्टरने मला चांद्याच्या स्टँडवर सांगितली, तिकिटं फाडता फाडता. भाऊंना हे आवडलं असतं. मोठ्या आवाजातल्या बातमीवर त्यांचा विश्वास नव्हता.

आम्ही एकाच शाळेत शिकवायचो; मी मराठी, ते गणित. पुष्कळशा उल्का सूर्याभोवती एकाच वाटेने फिरणाऱ्या कणांच्या प्रवाहातून येतात. कोणती उल्का कोणत्या प्रवाहातली, हे ओळखणं हा भाऊंचा ध्यास. नागपूरचे एक प्राध्यापक त्यांना परदेशी मासिकांतले उल्काकक्षांचे आकडे उतरवून पाठवत. नुसत्या आकड्यांतून वाट दिसत नाही म्हणून भाऊ बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणत, प्रत्येक कक्षेची लांबट कडी वळवत आणि सांगितली तेवढी तिरकी करून चौकटीत दोऱ्याने बांधत. मध्ये सूर्य म्हणून सुपारी. ज्या कड्या एकमेकींवर बसतील, त्या एका प्रवाहातल्या.

एका वर्षी मूठभर कड्या अशा नेमक्या बसल्या, की प्रवाह सापडलाच. तोही कुठल्याच यादीत नसलेला. शाळेने सत्कार ठरवला. तालुक्याचे साहेब आले, हार आला, साहेबांचं भाषण तर उल्केच्याही आधी लिहून झालेलं असावं. आणि भाऊ व्यासपीठामागे चौकटीचे दोरे सोडत बसलेले.

"भाऊ, साहेब येऊन बसले. आता काऊन खोलून राह्यले?"

"ही कडी पाहा. भटक्या उल्केची, कोणत्याच प्रवाहातली नाई. फरक दिसावा म्हणून मुद्दाम वेगळी बांधली होती मी... तीबी यांच्यातच जाऊन बसली. बांबू ओला होता. वाळता वाळता सगळ्याईनं एकच वळण घेतलं."

मी म्हटलं, आज राहू द्या, उद्या सांगा. ते हसले. "उद्या मले खरं वाटू लागलं तर?"

त्यांनी माईकवर तेवढंच सांगितलं आणि हार न घालता खाली उतरले. साहेबांनी 'तालुक्याचा नवा प्रवाह' या विषयावरचं भाषण तरीही पूर्ण वाचलं.

पुढे भाऊंनी कामट्या वर्षभर वाळवल्या, आकडे पुन्हा तपासले, कड्या पुन्हा बांधल्या. बहुतेक पांगल्या. तीन मात्र जुळून राहिल्या. मी अभिनंदन केलं, तर म्हणाले, "तिघाईले प्रवाह नाई म्हणत. शेजारी म्हणते."

परवा त्यांच्या खोलीत गेलो. चौकट खिडकीशी होती, सुपारी जागेवर. तीन कड्यांशेजारी एक दोरा मोकळा लोंबत होता. मी तो गुंडाळायला हात पुढे केला, तशी वहिनी दारातून म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी. चवथीसाठी बांधून ठेवला हाय त्याईनं."