प्रलंबित विषय : दारामागे कोण?

चष्मा कपाळावर चढवायचा, समोरच्याकडे रोखून पाहायचं आणि विचारायचं, "सूचक कोण?" आमच्या सेक्रेटरीकाकांना तुम्ही सहज म्हणालात, "काका, मला वाटतं ती कॅप्टन जिवंत आहे," तरी पहिला प्रश्न हाच. सूचक मिळाला की अनुमोदक. दोन्ही नसतील तर तुमचं मत म्हणजे नुसती बडबड.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि वर्तकनगरमधल्या आमच्या सोसायटीचे कितीतरी वर्षं सेक्रेटरी. पुढे नवी कमिटी आली. तिने सगळा कारभार मोबाइलवर नेला आणि काकांना शाल-नारळ देऊन मोकळं केलं. काकांची सभा घ्यायची सवय मात्र सुटेना.

त्याच सुमारास त्यांनी ती परदेशी मालिका पाहिली. नव्या ग्रहाकडे निघालेलं अवकाशयान, त्याच्या तळाशी एक कायम बंद दार. शेवटच्या भागात त्या दारावर आतून टकटक होते, कॅप्टनबाई कडीला हात घालतात आणि पडदा काळा होतो. बस्स. बघणारे कमी पडले म्हणे, मालिका तिथेच बंद झाली. जगभरचे लोक हळहळले. काकांनी सभा बोलावली.

सभेला आम्ही तिघं. दातांची डॉक्टर शुभदा, जिममध्ये व्यायाम शिकवणारा रोहन आणि बँकेत नोकरी करणारी मी. तिघांच्याही घरी या मालिकेचं नाव काढायला बंदी होती. रविवारी सकाळी काकांच्या हॉलमध्ये आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जायचं, मग विषय. गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब, आणि अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर रीतसर सुरू. तहकुबीत काकू पोहे द्यायच्या. त्यामुळे गणपूर्ती होऊ नये अशीच आमची इच्छा असायची. रोहन तर त्यासाठी जिन्यात थांबून राहायचा.

"काका, दारामागे कॅप्टनचा नवराच आहे. सॉलिड थिअरी आहे आपली," तो एकदा म्हणाला.

"सभासद आहे का तो?"

"म्हणजे?"

"प्रवाशांच्या यादीत नाव आहे का त्याचं? नाही ना? मग आत शिरला कसा? वॉचमन काय करत होता?"

काकांचा खरा राग कॅप्टनबाईंवर होता. "एवढं मोठं दार उघडायला निघाली, आणि सर्वसाधारण सभेची मंजुरी नाही!" हे ते इतक्या कळवळून म्हणायचे की काकू आतून पाणी घेऊन यायच्या.

नवऱ्याचा ठराव अखेर बहुमताने मंजूर झाला. शुभदाने विरोध नोंदवला, म्हणून काकांनी विषय प्रलंबितच ठेवला, आणि तिने रोहनशी बोलणं टाकलं. त्याची दाढ तेव्हा तिच्याच हातात होती, तरी हा गडी मागे हटला नाही. मोठी माणसं कशाकशावरून भांडतात, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तुमच्या सोसायटीत पार्किंगवरून काय चालतं ते आम्हाला ठाऊक आहे.

आणि मग बातमी आली. बनवणाऱ्यांना उपरती झाली होती. शेवट सांगणारा एक चित्रपट ते काढणार होते. आम्ही नाचत काकांकडे गेलो. काकांचा चेहरा उतरला.

"म्हणजे सगळं कळणार?" त्यांनी हळूच विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. उत्तर मिळालं की सभा संपली, आणि सभा संपली की या घराची बेल वाजवणारं कुणी उरणार नव्हतं. मला फार वाईट वाटलं. काकांनी ऐनवेळच्या विषयात ठराव मांडला, की प्रलंबित विषय निकाली निघेपर्यंत कुणीही चित्रपट पाहू नये. एकमताने मंजूर.

आणि तिघांनीही तो मोबाइलवर पाहिला. रोहनने जिममध्ये, शुभदाने दोन पेशंटच्या मध्ये, मी स्वयंपाकघरात आवाज बंद करून. पुढच्या रविवारी एकमेकांची तोंडं बघूनच आम्हाला कळलं.

दारामागे कुणी नव्हतं. पाइपात हवा अडकून आवाज येत होता. आमच्या सोसायटीत असा आवाज रोज येतो. त्यावर आम्ही प्लंबर बोलावतो.

काकांना कुणी काही सांगितलं नाही. आम्ही पुढेही भांडत राहिलो, उलट जास्तच जोरात. रोहनने तर दारामागे कॅप्टनची सासू असल्याचा ठराव आणला आणि काकांनी त्यावर तीन सभा चर्चा घेतली. एकदा भांडणाच्या भरात शुभदा बोलून गेली, "अहो, तो पाइप..." तेवढ्यात काकांना असा ठसका लागला की सभाच तहकूब करावी लागली. नंतर तो विषय कुणी काढला नाही.

गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच. दिवसकार्य झाल्यावर आम्ही तिघं काकूंना भेटायला गेलो. त्यांनी सवयीने पोहे केले. आम्ही ताटल्या घेऊन बसलो.

"तुम्हाला एक सांगू का? रागावू नका हं त्यांच्यावर," काकू म्हणाल्या. "तो पिक्चर आला ना, त्याच दिवशी सकाळी उठून बघितला त्यांनी. मग मला म्हणाले, पोरांना कळू देऊ नकोस. मला कळलंय असं समजलं, तर ती यायची बंद होतील."

शुभदाने ताटली खाली ठेवली आणि ती सरळ रडायलाच लागली. माझीही काही वेगळी गत नव्हती.

"काय होतं हो त्या दारामागे?" काकूंनी विचारलं, आणि लगेच दोन्ही हात हलवले. "नको, नको. सांगू नका. मी कालच पहिला भाग लावलाय. घर अगदी खायला उठतं बघा. रविवारी याल ना? मला एकटीला नाही कळायचं ते सगळं." मग त्यांनी आमच्याकडे जरा संशयाने पाहिलं. "तुम्ही नाही ना बघितलात तो पिक्चर?"

रोहनने डोळे पुसले.

"छे हो, काकू," तो म्हणाला. "आम्हाला तरी कुठे माहितीय?"